दोन काउंटर, घड्याळ एकच हवं!

समजा, तुमचं एक काउंटर साताऱ्यात, दुसरं सांगलीत आणि हळदीचं गोडाऊन दोघांत एकच. इंटरनेट गेलेलं असताना शेवटचं पोतं दोन्हीकडे विकलं गेलं. आधीचं बिल कुणाचं? एक कॉम्प्युटर तीन मिनिटं मागे असेल, तर उत्तर चुकणार आणि भलतंच गिऱ्हाईक नाराज होणार.

मग घड्याळं जुळायला वेळ किती लागतो? ढोबळ जुळणी काही सेकंदांत होते. कॉम्प्युटर सर्व्हरला वेळ विचारतो आणि निरोपाच्या जाण्या-येण्यात गेलेला वेळ हिशेबात धरतो. बारीक जुळणी मात्र सावकाश. एनटीपीचा नेहमीचा प्रोग्रॅम घड्याळ सेकंदाला फार तर अर्धा मिलिसेकंद सरकवतो, म्हणजे ०.१ सेकंदाचा फरक भरायला किमान २०० सेकंद. एकदम मागे ओढलं, तर बिलांचा क्रमच उलटेल ना!

करायचं काय?

१. दोन्हीकडे विंडोजच्या सेटिंगमध्ये आपोआप वेळ चालू ठेवा.
२. दुकान उघडलं की, पहिलं बिल करायच्या आधी ‘सिंक नाऊ’ दाबा.
३. रोज सकाळी तारीख मागे गेलेली दिसते? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

आजच तपासा!