संगणकावरील लेखाचे वाचन, संचार व संपादन

कागदावर शाईने खोडलेला शब्द रेघेखाली दिसत राहतो. संगणकावर पुसलेला शब्द मात्र सहसा खूण मागे ठेवीत नाही. म्हणून संगणकावर दुसऱ्याचा लेख दुरुस्त करणाराने अधिक सावध असले पाहिजे. हा धडा आम्हांस आमच्याच चुकीने मिळाला.

या वार्षिकासाठी एका विद्यार्थिनीने आपल्या आजींच्या बालपणाच्या आठवणी टंकित करून दिल्या. आजींचे माहेर बडोद्याचे. लेखात 'पोळ' हा शब्द वारंवार येत होता. आम्हां इंदूरकरांना तो अपरिचित. तो अशुद्धच असावा, असे समजून आम्ही 'शोधा व बदला' ही सोय उघडली आणि सर्वत्र 'गल्ली' घालण्याची आज्ञा दिली. क्षणार्धात काम झाले. फाइल जतन केली, बंदही केली. दुसऱ्या दिवशी वाचून पाहतो, तो स्वयंपाकघरातील पोळपाटाचा 'गल्लीपाट' झालेला! सुदैवाने आजींच्या हातचे कागद शाबूत होते. त्या हसून म्हणाल्या, "अहो, पोळेला दरवाजा असतो, रात्री तो लावून घेत. गल्लीला दरवाजा कुठला?" चूक केवळ पोळपाटाची नव्हती, त्या एका शब्दाबरोबर आजींच्या बालपणाचा दरवाजाच आम्ही काढून टाकला होता.

म्हणून पहिला नियम हा : आधी पाहावे, मग हात लावावा. लेख उघडल्यावर तो प्रथमपासून शेवटपर्यंत वाचावा. अक्षरे बारीक वाटल्यास दृश्याचा आकार वाढवावा. त्यामुळे पडद्यावरील चित्र मोठे होते, लेखात फरक पडत नाही. अक्षरांचाच आकार वाढविला, तर मात्र ओळी व पृष्ठे बदलतात. या दोन गोष्टींची गल्लत नवशिके नेहमी करतात.

दुसरी गोष्ट संचाराची. दीर्घ लेखात माउसचे चाक फिरवीत बसणे म्हणजे ग्रंथाचे एकेक पान उलटीत प्रकरण शोधणे होय. कंट्रोल ही कळ दाबून ठेवून होम दाबल्यास लेखाच्या आरंभी जाता येते, एंड दाबल्यास अखेरीस. कंट्रोलसह बाणाची आडवी कळ दाबल्यास कर्सर एकेक शब्द ओलांडतो. मथळ्यांना मथळ्याची शैली दिलेली असेल, तर त्यांची यादी बाजूस मांडता येते व हव्या त्या प्रकरणी एकदम पोहोचता येते.

विशिष्ट शब्द हवा असेल, तर कंट्रोल व एफ या कळांनी तो शोधावा. येथे मराठीचे व्याकरण उपयोगी पडते. 'बडोदा' हा शब्द शोधला, तर 'बडोद्यात' किंवा 'बडोद्याहून' ही रूपे सापडणार नाहीत. कारण विभक्तीचा प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते आणि यंत्रास ते ठाऊक नसते. अशा वेळी 'बडो' एवढीच अक्षरे शोधावीत. उलट, शोध तोकडा केला की 'पोळ' शोधताना पोळपाटही जाळ्यात येतो. यास्तव सर्व ठिकाणी एकदम बदल न करता एकेक स्थळ वाचून निर्णय घ्यावा.

आता संपादन. आरंभीच मूळ लेखाची प्रत वेगळ्या नावाने जतन करावी व दुरुस्त्या त्या प्रतीत कराव्यात. बॅकस्पेस कर्सरच्या मागील मजकूर पुसते, डिलीट पुढील. 'कि' या अक्षरातील ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करावयाची असल्यास कर्सर अक्षरानंतर ठेवून एकदा बॅकस्पेस दाबावी; युनिकोडमध्ये टंकित केलेल्या लेखात साधारणतः वेलांटीच तेवढी जाते व 'क' उरतो. वेलांटी दिसते अक्षराच्या डावीकडे, परंतु संगणक ती व्यंजनानंतर साठवितो.

परिच्छेद हलवावयाचा तर तो निवडून कापावा व योग्य जागी चिकटवावा. 'कापणे' व 'चिकटविणे' हे शब्द कात्री आणि गोंद वापरून हस्तलिखित जुळविण्याच्या रीतीवरून आले. १९७०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील पालो आल्टो येथे, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात, लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी 'जिप्सी' ही लेखन-संपादनाची आज्ञावली रचली. तिच्यात ही सोय होती.

चूक झाल्यास कंट्रोल व झेड दाबून एकेक पाऊल मागे येता येते. परंतु फाइल बंद केल्यावर ही वाट बहुधा बंद होते. आमची झाली तशी. त्याहून उत्तम उपाय म्हणजे बदलांची नोंद ठेवण्याची सोय आधीच चालू करणे. मग पुसलेला शब्द रेघ मारलेला दिसतो, नवा शब्द निराळ्या रंगात येतो आणि प्रत्येक बदल स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. शंका असेल तेथे शब्द न बदलता समासात टीप लिहावी : "हा शब्द असाच हवा का?"

एवढा एक प्रश्न आम्ही विचारला असता, तर सारे श्रम वाचले असते. आजींचा लेख याच अंकात आहे. त्यातील प्रत्येक 'पोळ' आम्ही मूळ कागदाशी ताडून पुन्हा जागेवर बसविली आहे. पोळपाटही स्वयंपाकघरात परतला आहे. वाचकांनी तो लेख अवश्य वाचावा, आणि आपल्या घरातील असा एखादा शब्द कोणी 'सुधारण्या'पूर्वी लिहून ठेवावा.