पोटभर, पण हलकं : होस्टेलच्या नाश्त्याचं गणित
(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मित्रांनो, होस्टेलवर राहणाऱ्याला दोन प्रश्न कायम छळतात. सबमिशन कधी पूर्ण होणार आणि उद्या नाश्त्याला काय? पहिल्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. दुसऱ्यावर मात्र मी गेलं वर्षभर थोडा अभ्यास केला आहे, तो इथे मांडतो.

या अभ्यासाला दोन गोष्टी कारण झाल्या. पहिल्या वर्षात माझं वजन आठ किलोने वाढलं. त्याच सुमारास माझ्या रूम-पार्टनरने वजन कमी करायचं म्हणून नाश्ताच बंद केला. तिसऱ्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये लेथसमोर त्याला चक्कर आली. मशीन नुकतंच बंद केलं होतं, म्हणून निभावलं. गंमत म्हणजे मी भरपूर खाणारा, तो उपाशी राहणारा, पण सकाळी अकरा वाजता दोघेही कँटीनमध्ये वडापावच्या रांगेत भेटायचो! म्हणजे दोघांचाही नाश्ता चुकत होता.

उष्मांक म्हणजे काय?

बॉम्ब कॅलरीमीटरवरची गणितं आपण सगळ्यांनी सोडवली आहेत. कोळशाचं उष्मांक मूल्य काढतात, तसंच अन्नाचंही काढता येतं. अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे काम केलं. त्याचे आकडे आजही वापरात आहेत : एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ ४ किलोकॅलरी, एक ग्रॅम प्रथिनं ४ आणि एक ग्रॅम तेल-तूप ९. पाणी शून्य.

आता पोट कशाने भरल्यासारखं वाटतं ते बघू. पोटाला कॅलरी मोजता येत नाहीत. त्याला आधी कळतं ते आकारमान. प्रथिनं आणि चोथा असला की भूक उशिरा लागते. म्हणून ज्या पदार्थात पाणी, चोथा आणि प्रथिनं जास्त आणि तेल कमी, तो कमी उष्मांकांत जास्त वेळ पोट धरून ठेवतो.

सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट यांनी १९९५ साली याची चाचणी घेतली. ३८ पदार्थांपैकी प्रत्येकाचा २४० किलोकॅलरी भरेल एवढा वाटा लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते विचारलं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. अंड्यांना १५० मिळाले, ओटच्या लापशीला २०९, मासळीला २२५ आणि लोणीदार क्रॉसाँला फक्त ४७. पहिला नंबर कोणाचा असेल? उकडलेल्या बटाट्याचा, ३२३! म्हणजे वडापावातला बटाटा बिचारा निर्दोष आहे. घोटाळा बेसनाच्या आवरणाने प्यायलेल्या तेलाचा आहे.

आजीची पेज

माझी आजी दिवेआगरजवळच्या गावात राहते. तिची सकाळ पेजेने होते. मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, चवीला मीठ, सोबत चुलीत भाजलेला सुका बोंबील. मी तिला म्हणायचो, "आजी, हे आजाऱ्याचं खाणं आहे." ती म्हणायची, "अरे, हे खाऊन तुझे आजोबा दुपारपर्यंत नांगर धरायचे."

हिशेब केला. ४० ग्रॅम तांदळाचे साधारण १४० किलोकॅलरी होतात आणि पेज मात्र मोठा वाडगा भरून. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या बार्बरा रोल्स यांनी १९९९ साली दाखवलं की तेच पाणी वेगळं प्यायलं तर जेवण फारसं कमी होत नाही, पण पदार्थातच शिजवून सूप केलं तर पुढच्या जेवणात माणूस आपोआप कमी खातो. आजीने हा पेपर वाचलेला नाही. नुसत्या पेजेत प्रथिनं कमी, ती उणीव बोंबील भरून काढतो. शाकाहारी मंडळींनी सोबत उसळ घ्यावी.

आपल्या रायगडात उसळीला तोटा नाही. भात कापला की त्याच शेतात, जमिनीतल्या ओलाव्यावर वाल होतो. मोड आलेल्या वालाचं बिरडं जेवणात असतंच, ते सकाळी घावनाबरोबर खाऊन बघा. ४० ग्रॅम तांदळाच्या पिठाची दोन घावनं आणि ३० ग्रॅम कडधान्याची उसळ, दोन्हींना एकेक चमचा तेल, असं धरलं तरी सगळं मिळून साडेतीनशेच्या आत बसतं. दोन वडापाव पाचशेच्या पुढे जातात.

मेसच्या पातेल्यात डोकावून

एक दिवस मेसच्या काकांच्या परवानगीने मी मोजमाप घेतलं. एक किलो पोह्यांना ३०० मिलिलिटर तेल पडत होतं. पोह्यांचे सुमारे ३५०० किलोकॅलरी, तेलाचे जवळपास २५००. म्हणजे पातेल्यातली चाळीस टक्के ऊर्जा तेलाची! वीस प्लेटमध्ये वाटलं तर प्लेटमागे सव्वाशे.

तेल निम्मं केलं तर प्लेटमागे साठेक वाचतात. तेवढ्यात वीस ग्रॅम मूग बसतात, म्हणजे मोड आल्यावर छोटी वाटीभर उसळ आणि पाचेक ग्रॅम प्रथिनं. उष्मांक तेवढेच, पण भूक अकराऐवजी एकला लागते. काका म्हणाले, "तेल कमी केलं की पोरं बोंब मारतात, पोहे कोरडे लागतात म्हणून." यावर उपायही त्यांनीच काढला. कांदा दुप्पट घातला आणि झाकण ठेवून वाफ दिली. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर उत्तमच, तो गोडसर असतो. त्या दिवशी पोहे उरले नाहीत.

एवढं लक्षात ठेवा

१. ताट लहान करू नका, तेल कमी करा.
२. रोज एक प्रथिनाचा पदार्थ हवाच. एका उकडलेल्या अंड्यात सुमारे ७० किलोकॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं असतात.
३. फळाचा रस पिण्यापेक्षा फळ खा. चोथा त्यात आहे.
४. नाश्ता टाळून वजन उतरवायला जाऊ नका. लेथ वाट बघत नाही.
५. जे बारीक आहेत किंवा रोज मैदानावर घाम गाळतात, त्यांना जास्तच खायला हवं. हा लेख त्यांच्यासाठी नाही. मधुमेह वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारा.

चार महिन्यांत माझं वजन तीन किलोने उतरलं, तेही उपाशी न राहता. पार्टनर आता माझ्याआधी मेसमध्ये हजर असतो. मेस कमिटीच्या पुढच्या बैठकीत आठवड्यातून तीन दिवस उसळ आणि एक दिवस पेज असा प्रस्ताव मी मांडणार आहे. सर आणि मॅडम, आपणही या. आणि मित्रांनो, हात वर करायला विसरू नका.