पदवीनंतर परिचर्येकडे : दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची पूर्वतयारी

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेले आणि पुढे प्राणिशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य अशा विषयांत पदवी घेतलेले काही माजी विद्यार्थी अलीकडे मला एकच प्रश्न विचारतात : पदवी झाली, वय तेवीस-चोवीस झाले, आता परिचारिका किंवा परिचारक होता येईल काय? विचारणाऱ्यांत मुलगेही असतात, याचे मला विशेष समाधान वाटते. संपादक मंडळाने याच विषयावर लिहावयास सांगितले, म्हणून हे टिपण जरा सविस्तर लिहीत आहे.

भारतात या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, पण उत्साह वाढविणारे नाही. बी.एस्सी. नर्सिंग हा बारावीनंतरचा चार वर्षांचा अभ्यासक्रम, तर जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका. अन्य विषयातील पदवीधरालाही येथे पहिल्या वर्षापासूनच आरंभ करावा लागतो. 'पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीधरांसाठी असावा, असा अनेक पालकांचा समज असतो. परंतु तो जी.एन.एम. उत्तीर्ण होऊन नोंदणी झालेल्यांसाठी आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत मात्र कोणत्याही अन्य विषयाची पदवी जमेस धरून कमी कालावधीत परिचर्या शिकविण्याची सोय आहे. ब्रिटनमध्ये हा कालावधी सामान्यतः दोन वर्षांचा असतो. शेवटी एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर पदविका मिळते आणि नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे नोंदणी करण्यास विद्यार्थी पात्र ठरतो. मी स्वतः हा मार्ग इंग्लंडमध्ये चालले, त्यामुळे तेथील तयारीविषयीच लिहिते.

पुस्तके, पैसा, प्रवेशपत्र यांच्या आधी एका अडचणीला सामोरे जावे लागते आणि ती घरातच असते. "एवढी डिग्री घेऊन शेवटी लोकांची घाणच काढायची का?" हा प्रश्न मला माझ्या थोरल्या चुलत्यांनी विचारला होता. आपल्या समाजात या प्रश्नाला धार आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नये असे मला वाटते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वतनाच्या नावाखाली गावची मेलेली गुरे ओढली, त्यांना हा प्रश्न पडणारच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. त्या कामात निवड नव्हती, ठरलेले वेतन नव्हते, ज्ञान नव्हते आणि नकार देण्याचा अधिकार तर मुळीच नव्हता. नोंदणीकृत परिचारिकेजवळ या चारही गोष्टी असतात. चुकीचे वाटणारे औषध देण्यास ती नकार देऊ शकते. किंबहुना तसा नकार देणे हे तिचे कर्तव्यच असते. रुग्णाचे अंथरूण बदलताना ती त्याच्या पाठीवरची त्वचा लाल झाली आहे काय, श्वास वाढला आहे काय, बोलण्यात गोंधळ आहे काय, हे पाहत असते. हात तेच असले तरी काम तेच नसते.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी असलेल्या आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून राहिलेल्या भिक्षूची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. भगवान बुद्धांनी पाणी घातले, आनंदांनी अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर ठेवले. त्या कथेनंतर येणारी शुश्रूषा करणाऱ्याची पाच लक्षणे मात्र फारशी सांगितली जात नाहीत. औषध तयार करता येणे. रुग्णाला काय पथ्यकर व काय अपथ्यकर हे जाणणे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे. मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस न करणे. आणि योग्य वेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाला धीर देणे. यांतील पहिली दोन लक्षणे ज्ञानाची आहेत, हे घरातील वडीलधाऱ्यांना आवर्जून दाखवावे. माझ्या चुलत्यांना कायद्याच्या गोष्टीपेक्षा हीच अधिक पटली.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. ब्रिटनमध्ये नोंदणीपूर्व परिचर्या शिक्षणाचे एकूण ४६०० तास ठरलेले आहेत. त्यांपैकी निम्मे, म्हणजे २३०० तास वर्गातील अभ्यासाचे आणि २३०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असतात. पदवीधराचे पूर्वशिक्षण व अनुभव पाहून यांतील काही भाग सोडला जातो. ही सूट अर्ध्याहून अधिक असू शकत नाही. उरलेले सगळे दोन वर्षांत बसवायचे असल्याने सुट्ट्या थोड्या असतात. बारा-बारा तासांच्या पाळ्या, रात्रपाळी, शनिवार-रविवार आणि त्यातच निबंध, असा क्रम चालतो. शिवाय प्रौढ, बालक, मानसिक आरोग्य व बौद्धिक अक्षमता या चार शाखांपैकी एक अर्ज करतानाच निवडावी लागते. "आधी प्रवेश घेऊ, मग ठरवू" हे तेथे चालत नाही.

म्हणून माझ्या मते पहिली तयारी पुस्तकाची नव्हे, हातांची. अनेक विद्यापीठे रुग्णसेवेचा पूर्वानुभव मागतात. काही तर त्याच्या तासांची लेखी नोंद मागतात. मागणी नसली तरी तो अनुभव घ्यावा. वृद्धाश्रम, दिव्यांगांची निवासी शाळा, ग्रामीण रुग्णालय, मरणासन्न रुग्णांसाठीचे सेवाकेंद्र, जेथे परवानगी मिळेल तेथे तीन-चार महिने काम करावे. अनोळखी माणसाला अंघोळ घालताना त्याची लाज कशी राखायची, गिळण्यास त्रास होणाऱ्याला घास किती लहान द्यायचा, न बोलणाऱ्या माणसाशी कसे बोलायचे, हे आधी थोडे तरी अंगवळणी पडलेले असावे. हे काम आपल्याला झेपत नाही असे कोणाला तेव्हाच कळले तर तेही चांगलेच. लाखो रुपये भरल्यानंतर कळण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

दुसरी तयारी गणिताची, आणि येथे थोडे थांबावेसे वाटते. कौन्सिलच्या नियमानुसार औषधमात्रेच्या गणिताची परीक्षा १०० टक्के गुण मिळवूनच उत्तीर्ण व्हावी लागते. नव्याण्णव चालत नाहीत, कारण चुकलेले ते एक गणित म्हणजे एक रुग्ण. गणित मात्र आपल्या सातवी-आठवीतील त्रैराशिकच आहे. समजा, डॉक्टरांनी ७५ मिलिग्रॅम औषध लिहिले आहे आणि कुपीत २ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम आहे. ७५ ला १०० ने भागून २ ने गुणले की उत्तर येते १.५ मिलिलिटर. बालकाचे वजन १२ किलो, पॅरासिटामॉल दर किलोस १५ मिलिग्रॅम, तर मात्रा १८० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर ७.५ मिलिलिटर. सलाईन १००० मिलिलिटर ८ तासांत द्यायचे, तर ताशी १२५ मिलिलिटर. नळीचे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर असेल तर १२५ गुणिले २० भागिले ६०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब.

चुका बहुधा पद्धतीत होत नाहीत, एककांत होतात. ०.५ मिलिग्रॅम म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते. त्यासाठी उत्तर काढण्यापूर्वी अंदाज बांधण्याची सवय लावावी. वरच्या पहिल्या उदाहरणात मात्रा एका कुपीहून कमी आहे, तेव्हा उत्तर २ मिलिलिटरहून कमीच यायला हवे. ते १५ आले तर हात थांबला पाहिजे. रोज दहा गणिते, कागदावर, कॅल्क्युलेटरशिवाय, असे दोन महिने केले की भीती जाते. आपल्याकडील कला शाखेच्या मुली या गणिताला घाबरून अर्जच करीत नाहीत, हे मला फार खटकते.

शरीररचना व शरीरक्रिया या विषयांचा पसारा मोठा आहे; आधीच सगळे पाठ करू पाहणे व्यर्थ. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि शरीरातील पाणी व क्षार यांचे काम नीट समजून घेतले की बाकीचे त्याला जोडता येते. वॉर्डात नोंदी कशा करतात तेवढे मात्र पाहून जावे. ब्रिटनमध्ये श्वसनाचा वेग, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध व तापमान या सहा मोजमापांना गुण देऊन त्यांची बेरीज करतात. बेरीज ५ झाली की रुग्णाला तातडीने तपासावे लागते. ७ झाली की आणीबाणी समजतात. या सहांपैकी श्वसनाचा वेग मोजण्यास यंत्र लागत नाही, लागते ते घड्याळ आणि पूर्ण एक मिनिटाचा धीर. हा सराव आजीजवळ बसूनही करता येतो.

भाषेची तयारी म्हणजे केवळ आय.ई.एल.टी.एस. नव्हे. त्या परीक्षेत चांगले गुण मिळविलेला विद्यार्थीही वॉर्डातील वृद्धांच्या बोलीपुढे गांगरतो. आजी 'स्पेंड अ पेनी' म्हणाल्या तर त्यांना लघवीला जायचे असते, आणि 'पुअर्ली' याचा गरिबीशी काही संबंध नसून बरे वाटत नाही एवढाच अर्थ असतो. लेखनाची पद्धतही वेगळी. आपल्याकडे पाठांतर करून उत्तर लिहिण्याची सवय असते. तेथे 'आज वॉर्डात काय घडले, मी काय केले, तसे का केले, पुढे काय वेगळे करीन' असे स्वतःच्या कामाचे परीक्षण लिहावे लागते. वसतिगृहात रात्री रोजनिशी लिहिण्याची ज्यांना सवय लागली असेल, त्यांना हे सोपे जाईल.

कागदपत्रांबाबत थोडक्यात, पण निकराने सांगते. 'एम.एस्सी. नर्सिंग' नावाचे अनेक अभ्यासक्रम आधीच परिचारिका असलेल्यांसाठी असतात आणि त्यांतून नोंदणी मिळत नाही. एजंट हे सांगतोच असे नाही. आपला अभ्यासक्रम 'नोंदणीपूर्व' आहे काय आणि कौन्सिलने मान्य केलेल्या यादीत त्याचे नाव आहे काय, हे पैसे भरण्यापूर्वी स्वतः पाहावे. इंग्लंडमधील परिचर्येच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ५००० पौंडांचे अनुदान मिळते, हे खरे. पण ते तेथील पात्र रहिवाशांना, विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना नव्हे. त्यांचे शुल्कही बरेच अधिक असते. जमीन गहाण ठेवून जाण्याचा विचार कोणी करीत असेल, तर त्याने आधी भारतातील चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा हिशेब शेजारी मांडून पाहावा. अनेकांसाठी तोच अधिक शहाणपणाचा ठरेल. जे तेथेच स्थायिक झाले आहेत, विवाहानंतर गेले आहेत किंवा वृद्धसेवेच्या नोकरीत आहेत, त्यांच्यासाठी मात्र हा मार्ग फार उपयोगी आहे. पुढे परत येऊन महाराष्ट्रात काम करण्याचा मानस असेल, तर ही पदवी येथे चालेल काय, हे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला आधीच लेखी विचारून ठेवावे.

लसीकरणाचे कागद सर्वांत आधी जमवावेत. कावीळ 'ब'च्या लसीचे तीन डोस नेहमीच्या क्रमाने सहा महिन्यांत पूर्ण होतात. गोवर, रुबेला, कांजिण्या व क्षयरोग यांविषयीही विचारणा होते. बालपणीचे लसीकरण कार्ड आपल्यापैकी अनेकांच्या घरी नसते, अशा वेळी रक्ततपासणी करून घ्यावी लागते. पोलीस पडताळणी, पदवीच्या गुणपत्रिका आणि दहावी-बारावीचे इंग्रजी व गणिताचे गुण दाखविणारी प्रमाणपत्रे यांच्या प्रती हाताशी असाव्यात. नावाचे स्पेलिंग सर्वत्र सारखे आहे काय तेही पाहावे. वसतिगृहात दाखल करताना लिहिलेले नाव, महाविद्यालयातील नाव आणि पारपत्रावरील नाव अशी तीन नावे असलेले विद्यार्थी आपल्याकडे कमी नाहीत, आणि ही दुरुस्ती राजपत्रातून करून घेण्यास सवड लागते. ती अर्ज करण्याच्या आदल्या वर्षीच करून घ्यावी.