तहान मारू नये

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातील एका दुकानात मी नोकरीस आहे. तेथे स्वच्छतागृह नसल्याने दिवसभर पाणीच पीत नाही. लघवीला वारंवार जळजळ होते. काय करावे?

उत्तर : भगिनी, आपण तहान मारता ती नाइलाजाने, हे मी जाणतो, परंतु मूत्राशयात सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावत असले, तरी ते तासन्‌तास कोंडून ठेवले आणि त्यातच पाणी कमी पडले, म्हणजे स्त्रियांच्या जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीच्या मूत्रमार्गातून वर चढलेले, बहुधा आतड्यातलेच जंतू प्रवाहाबरोबर धुऊन न जाता तेथेच वाढतात व दाह उत्पन्न करतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर घामावाटेही पुष्कळ पाणी जाते.

लघवी फिकट राहील इतके पाणी प्यावे, तीन-चार तासांनी लघवीला जावेच. तूर्त लघवीची तपासणी करावी; घरात उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखले वा रक्त दिसले, तर त्याच दिवशी शहरातील सरकारी घाटी रुग्णालय गाठावे.

आणि दुकानात वीस किंवा अधिक कामगार असतील, तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमान्वये स्वच्छतागृहाची तजवीज करणे मालकावर बंधनकारक आहे. तसा लेखी अर्ज आपण सहकारी भगिनींसह अवश्य द्यावा.