शहरं बोली लावतात तेव्हा

स्तर 4 · पाठ 11

'बोली' हा शब्द तुम्ही ऐकला असेल तो बहुधा भाषेविषयी बोलताना. मालवणी ही एक बोली, अहिराणी ही दुसरी. पण मराठीत या शब्दाचे आणखी दोन अर्थ आहेत. लिलावात एखादी वस्तू मांडली की लोक हात वर करून किंमत सांगतात. तीही बोली. आणि दोघांनी व्यवहार करताना आधी जे ठरवलेलं असतं, तीसुद्धा बोलीच. "अशी बोली झाली नव्हती हं आपली!" असं तुमची आजी कधी म्हणाली असेल, तर तिच्या मनात हा तिसरा अर्थ होता.

ऑलिंपिकसारखे मोठे खेळ आपल्या गावात व्हावेत म्हणून शहरं बोली लावतात. इथे तिन्ही अर्थ एकदम लागू पडतात. शहराला आधी छान बोलावं लागतं, मग किंमत मोजावी लागते, आणि जे कबूल केलं ते करून दाखवावं लागतं. पाठ वाचताना हे तिन्ही अर्थ लक्षात ठेवा. आपण ब्रिटनमधल्या चार शहरांकडे बघणार आहोत: लंडन, मँचेस्टर, बर्मिंगहॅम आणि ग्लासगो.

बोलण्याची बोली

6 जुलै 2005. ठिकाण सिंगापूर. 2012 चं ऑलिंपिक कुठे होणार हे त्या दिवशी ठरणार होतं. पाच शहरं रिंगणात होती: लंडन, पॅरिस, माद्रिद, न्यूयॉर्क आणि मॉस्को. पॅरिसच जिंकणार असं जवळजवळ सगळे धरून चालले होते.

मतदान कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण गंमत तिथेच आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य गुप्त मतदान करतात. प्रत्येक फेरीत ज्या शहराला सगळ्यात कमी मतं पडतात ते बाद होतं. उरलेल्या शहरांसाठी पुन्हा मतदान होतं. एखादं शहर स्पर्धेत आहे तोवर त्याच्या देशाच्या सदस्यांना मत देता येत नाही.

पहिल्या फेरीत लंडनला 22, पॅरिसला 21, माद्रिदला 20, न्यूयॉर्कला 19 आणि मॉस्कोला 15 मतं पडली. किती चुरस होती बघा! मॉस्को बाद झालं. दुसऱ्या फेरीत माद्रिद एकदम 32 मतांसह पहिलं आलं. लंडनला 27 आणि पॅरिसला 25. न्यूयॉर्क 16 मतांवर गेलं. तिसऱ्या फेरीत मात्र माद्रिदला 31 च मतं मिळाली आणि आधीच्या फेरीत पहिलं आलेलं शहर बाहेर पडलं. शेवटी उरले दोन जुने शेजारी. लंडन 54, पॅरिस 50. दोन सदस्यांनी मत बदललं असतं तर बरोबरी झाली असती.

लंडनचं बोलणं लोकांना का आवडलं? त्यांच्या गटाचा प्रमुख होता सेबॅस्टियन को, स्वतः धावण्याच्या शर्यतीत ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेला. प्रत्येक शहराला साधारण शंभर माणसं आणायची परवानगी होती. बाकीच्यांनी मोठमोठे लोक आणले. लंडनने त्यातल्या 30 जागा पूर्व लंडनच्या शाळकरी मुलांना दिल्या. 'हे खेळ या मुलांसाठी आहेत' असं सांगायचं होतं, आणि मुलं समोर बसलेलीच होती.

लंडनमध्ये ट्रफाल्गर चौकात लोक नाचले. दुसऱ्याच दिवशी, 7 जुलैला, शहरातल्या भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले. 52 माणसं मारली गेली. त्या दोन दिवसांबद्दल लंडनमध्ये तेव्हा राहणाऱ्या कुणालाही विचारा. कोण कुठे होतं हे बहुतेकांना आजही आठवतं.

हरलेल्या शहरांची गोष्ट

लंडनच्या आधी ब्रिटनची दोन शहरं तीनदा हरली होती. बर्मिंगहॅमने 1992 च्या खेळांसाठी बोली लावली. दुसऱ्या फेरीत 8 मतांवर ते बाद झालं आणि खेळ बार्सिलोनाला गेले. मँचेस्टर दोनदा उभं राहिलं. 1996 चे खेळ अटलांटाने नेले, 2000 चे सिडनीने. 1993 च्या त्या मतदानात मँचेस्टरला तिसऱ्या फेरीत 11 मतं मिळाली आणि त्याचा खेळ संपला.

पण मँचेस्टरच्या लोकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. बोलीचा भाग म्हणून त्यांनी सायकल शर्यतींसाठी छपराखालचं गोल मैदान, म्हणजे व्हेलोड्रोम, बांधायला घेतलं होतं. बोली हरली, पण व्हेलोड्रोम 1994 मध्ये उघडलं. पावसाच्या शहरात छपराखाली बारा महिने सराव करता यायला लागला. (मँचेस्टरमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) ब्रिटनचा सायकल संघ तिथेच तयार झाला. 2008 मध्ये बीजिंगला ट्रॅक सायकलिंगची 10 सुवर्णपदकं होती. त्यातली 7 ब्रिटनने जिंकली.

मग मँचेस्टरला 2002 चे राष्ट्रकुल खेळ मिळाले. राष्ट्रकुल खेळ म्हणजे कॉमनवेल्थ गेम्स. तिथे बांधलेल्या स्टेडियमचं पुढे काय करायचं हे आधीच ठरलेलं होतं. खेळ संपल्यावर धावपट्टी काढली, जमीन आणखी खोल खणून खाली खुर्च्यांच्या रांगा वाढवल्या, आणि 2003 मध्ये मँचेस्टर सिटी हा फुटबॉल क्लब तिथे राहायला आला. लंडनने 80,000 माणसांचं स्टेडियम बांधलं ते खेळांनंतर 25,000 चं करू म्हणून. पुढे विचार बदलला, ते फुटबॉलसाठी पुन्हा दुरुस्त करावं लागलं, आणि त्यात आणखी पुष्कळ पैसा गेला. माझ्या मते या बाबतीत हरलेल्या मँचेस्टरने जिंकलेल्या लंडनला धडा दिला असता, लंडनने विचारलं असतं तर.

पैशाची बोली

मराठीत म्हणतात, "घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून." म्हणजे या दोन गोष्टींना खरा खर्च किती येतो, ते स्वतः केल्याशिवाय कळत नाही. ऑलिंपिक भरवणारं शहर ही दोन्ही कामं एकदम काढतं. घरही बांधायचं आणि मांडवही घालायचा. तोही ठरलेल्या मुहूर्तावर, कारण खेळांची तारीख पुढे ढकलता येत नाही. (टोकियोला ढकलावी लागली, पण त्याला जगभरची साथ कारण झाली.)

लंडनने बोली लावली तेव्हा सरकारी खर्चाचा अंदाज होता सुमारे 2.4 अब्ज पौंड. मार्च 2007 मध्ये तो आकडा 9.3 अब्जांवर गेला. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, तेव्हा हे झाले 930 कोटी पौंड. सुरक्षेचा पुरेसा खर्च आणि काही कर पहिल्या अंदाजात धरलेच नव्हते. शेवटी काम 9.3 अब्जांच्या थोडं आत बसलं, आणि 'बजेटच्या आत झालं' अशा बातम्या आल्या. नव्या बजेटच्या आत, हे मात्र नीट वाचायला हवं होतं.

हे पैसे आले कुठून? सरकारकडून, नॅशनल लॉटरीतून आणि लंडनकरांच्या खिशातून. कौन्सिल टॅक्समध्ये बँड डीच्या घरामागे वर्षाला 20 पौंड जास्त घेतले जात होते. तुमचे आईबाबा तेव्हा लंडनमध्ये राहत असतील, तर त्यांनीही ते भरले असणार.

काही लोकांनी वेगळी किंमत मोजली. जिथे आज ऑलिंपिक पार्क आहे तिथे सगळी ओसाड जमीन नव्हती. क्लेज लेन नावाची वस्ती होती, सहकारी तत्त्वावर चालणारी; चारशेहून जास्त माणसं स्वस्त भाड्यात राहत होती. 2007 मध्ये त्यांना हलवलं आणि वस्ती पाडली. जवळच काही कुटुंबं अनेक वर्षं भाजीचे वाफे राखत होती, तुम्ही ज्याला अलॉटमेंट म्हणता ते. तेही उठले. खेळाडूंसाठी बांधलेल्या इमारतींत नंतर सुमारे 2,800 घरं झाली आणि त्यांतली जवळपास निम्मी 'परवडणारी' म्हणून दिली गेली. 'परवडणं' हे क्रियापद मराठीत एकटं कधी येत नाही, हे तुम्ही मागच्या पाठात शिकलात: मला परवडतं, तुला परवडतं. नेहमी कुणाला तरी परवडतं. इथेही तोच प्रश्न विचारायचा.

स्ट्रॅटफर्डला आज गेलात तर बाग सुंदर आहे, पोहण्याचा तलाव सगळ्यांना खुला आहे, गाड्या भराभर मिळतात. ते खोटं नाही. क्लेज लेनही खोटी नव्हती.

दुसऱ्यांनी सोडलेली ताटं

बर्मिंगहॅमला ऑलिंपिक कधीच मिळालं नाही, पण 2022 चे राष्ट्रकुल खेळ मिळाले. तेही कसे? ते खरं म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात व्हायचे होते. डर्बनला पैसे आणि तयारी जमेना, म्हणून मार्च 2017 मध्ये यजमानपद काढून घेतलं. बर्मिंगहॅमने लिव्हरपूलला मागे टाकलं आणि डिसेंबर 2017 मध्ये खेळ मिळवले.

या खेळांत मराठी घरांना अभिमान वाटावा असं बरंच घडलं. भारताचं पहिलं पदक सांगलीच्या संकेत सरगरने आणलं. 55 किलो गटात त्याने एकूण 248 किलो वजन उचललं. मलेशियाच्या सुवर्णविजेत्याने 249. एका किलोने सोनं गेलं, आणि तेही हाताला दुखापत झाल्यामुळे. त्याच्या वडिलांची सांगलीत पानाची टपरी होती. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटं 11.20 सेकंदांत दुसरा आला. पहिल्या क्रमांकाचा केनियाचा धावपटू फक्त 0.05 सेकंदांनी पुढे होता. एजबॅस्टनवर महिलांचं क्रिकेट झालं. उपांत्य सामन्यात सांगलीच्याच स्मृती मानधनाने इंग्लंडविरुद्ध 32 चेंडूंत 61 धावा केल्या. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी तिथे असेल, तर तेव्हा घरात कोण कोणत्या संघाच्या बाजूने होतं ते वर्गात जरूर सांगा.

पण हिशेबही बघू या. पेरी बार भागात खेळाडूंसाठी घरं बांधायला घेतली होती. कोविडमुळे ती वेळेत होईनात, म्हणून खेळाडू विद्यापीठांच्या वसतिगृहांत आणि हॉटेलांत राहिले. घरं नंतर पूर्ण झाली आणि त्यांतली बरीच कौन्सिलने 2024 मध्ये तोटा सोसून विकायला काढली. मध्यंतरी, सप्टेंबर 2023 मध्ये, बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने आपल्याकडे खर्चाला पैसे नाहीत असं जाहीर केलं. काही लोक लगेच म्हणाले, "बघा, खेळांनी बुडवलं!" ते तसं नाही. मुख्य कारणं दुसरी होती: स्त्रियांना समान पगार न दिल्याची जुनी देणी, आणि एक फसलेली संगणक यंत्रणा. एका मागोमाग एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं नसतं.

पुढची गोष्ट आणखी गमतीची. 2026 चे राष्ट्रकुल खेळ ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य भरवणार होतं. जुलै 2023 मध्ये त्यांनी खर्च फार वाढतोय म्हणून अंग काढून घेतलं. शेवटी ग्लासगो पुढे आलं. तिथे 2014 मध्ये हे खेळ झाले होतेच. ग्लासगोने अट घातली: नवीन स्टेडियम नाही, फक्त चार ठिकाणं, फक्त 10 खेळ. व्हिक्टोरियाने माघार घेतल्याबद्दल जी भरपाई दिली, तिच्यातूनच बराच खर्च भागवायचं ठरलं. क्रिकेट, हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन यांना त्या यादीत जागा मिळाली नाही. काटकसर झाली, पण तिची झळ भारताच्या खेळाडूंना बसली.

काटकसरीचे खेळ ब्रिटनला नवे नाहीत. 1948 चं लंडन ऑलिंपिक महायुद्धानंतर लगेच झालं. अन्न रेशनवर होतं, नवं स्टेडियम बांधलं नाही, खेळाडूंना लष्करी छावण्यांत आणि कॉलेजांत उतरवलं, टॉवेल स्वतःचे आणा म्हणून सांगितलं. त्याच खेळांत कराडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव नावाचा मुलगा पहिल्यांदा मॅटवर कुस्ती खेळला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला त्याने कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आता बोली लावणारे कमी झाले आहेत. 2024 च्या ऑलिंपिकसाठी हॅम्बुर्गच्या लोकांनी मतदान करून 'नको' म्हटलं, रोम आणि बुडापेस्ट मागे फिरले. उरले पॅरिस आणि लॉस एंजेलिस; एकाला 2024, दुसऱ्याला 2028 देऊन टाकलं. मतदानाची चुरस नाहीच. भारतात मात्र उलटा वारा आहे. 2030 चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला द्यायचं नोव्हेंबर 2025 मध्ये ठरलं, आणि तो निर्णय झाला ग्लासगोमध्येच.

करून बघा

1. माद्रिद दुसऱ्या फेरीत पहिलं होतं, तरी तिसऱ्या फेरीत बाद झालं. हे कसं झालं, ते चार वाक्यांत समजावून सांगा.

2. 'बोली' शब्दाच्या तिन्ही अर्थांनी एकेक वाक्य लिहा. एक वाक्य खेळांविषयी असावं, एक घरातलं असावं.

3. 'परवडणं' वापरून दोन वाक्यं लिहा: एक कौन्सिलच्या तोंडी, एक क्लेज लेनमधल्या भाडेकरूच्या तोंडी.

4. समजा, तुमच्या शहराला राष्ट्रकुल खेळ देऊ केले आहेत. अट एकच: कौन्सिल टॅक्स दहा वर्षं थोडा वाढेल. घरातल्या एका मोठ्या माणसाला मराठीत विचारा, "तुम्ही हो म्हणाल की नाही? का?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. ते तुमच्याशी सहमत नसतील, तर तेही लिहा.