संप्रेरके आणि हृदय

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका मैत्रिणीची डावी पोटरी सुजली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी ही मुलगी जन्माने मुलगा. कुणाच्या तरी सांगण्यावरून ती आठ महिने संततिनियमनाच्या गोळ्या घेत होती. तपासणीत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतले असते. त्या निमित्ताने जे वाचले ते येथे मांडते.

जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग व स्वतःची ओळख जुळत नाही, अशा व्यक्तींना पारलिंगी म्हणतात. त्यांपैकी काहींना संप्रेरकांचे उपचार देतात. पोटातून घेतलेले इस्ट्रोजेन प्रथम यकृतात जाते आणि तेथे रक्त गोठविणारे घटक वाढविते. त्वचेवाटे दिल्यास हा परिणाम कमी होतो. संततिनियमनाच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत एथिनिल इस्ट्राडिऑल हे कृत्रिम द्रव्य असते. नेदरलंडमधील 966 पारलिंगी स्त्रियांच्या अभ्यासात (2011) ते घेत असलेल्यांना हृदयविकार व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू येण्याचा धोका तिप्पट आढळला. एंडोक्राइन सोसायटीच्या 2017 च्या मार्गदर्शिकेने ते टाळण्यास सांगितले.

मुलगा म्हणून जगू इच्छिणाऱ्यांना टेस्टोस्टेरॉन देतात. त्याने तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटते. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी करतात. रक्तदाबावरही लक्ष ठेवावे लागते.

तरुण वयात हा धोका थोडाच असतो. परंतु उपचार अनेक वर्षे चालतात, आणि भारतीयांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो. त्यात तंबाखू, सिगारेट किंवा घराण्यातील हृदयविकार यांची भर पडली तर काळजी अधिक घ्यावी लागते.

याचा अर्थ उपचारच नकोत असा नव्हे. गुठळी विरघळविण्याचे उपचार झाल्यावर डॉक्टरांनी मैत्रिणीला त्वचेवर लावण्याचे जेल दिले. आता तिची नियमित तपासणी होते. 2019 च्या कायद्याच्या 15 व्या कलमाने संप्रेरक उपचार व समुपदेशन उपलब्ध करण्याची जबाबदारी शासनावर टाकली होती. तरीही ती आठ महिने दवाखान्याची पायरी चढली नाही. का, असे मी विचारले. ती म्हणाली, "केसपेपरवर नाव काय सांगू?"

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात नाही; ते आपल्या वागण्यात आहे.