विकलेले डोंगर, विकत घेतलेले अरण्य

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात ‘व्हाइट माउंटन’ नावाची पर्वतराजी आहे. तिचे सर्वोच्च शिखर माउंट वॉशिंग्टन १,९१७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सुमारे २७० मीटर अधिक उंच आहे. तेथे १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. पायथ्याशी मेपल, बीच व बर्च, त्यांच्या वर स्प्रूस व फर हे सूचिपर्णी वृक्ष, आणि माथ्यावर केवळ खुरटी झुडपे व दगडफूल, अशी येथील वनश्री उंचीनुसार पालटत जाते.

१८६७ साली राज्याने येथील सरकारी जमीन विकून टाकली. पुढे लाकूड कंपन्यांनी डोंगर बोडके केले. तोडीनंतर पडून राहिलेल्या वाळक्या फांद्यांनी पेट घेतला व वणवे भडकले. उघड्या उतारांवरून पाणी लोंढ्याने वाहू लागले. तेव्हा नदीकाठच्या गिरणीमालकांनाही वनाचे मोल उमगले! १९११ च्या ‘वीक्स कायद्या’ने नद्यांच्या उगमाकडील जमीन खरेदी करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आणि १९१८ मध्ये हे राष्ट्रीय वन स्थापन झाले.

आज तेथे पुन्हा दाट झाडी आहे. विकलेली जमीन पैसे देऊन परत घेता येते. परंतु वाहून गेलेली माती कोणत्याही कायद्याने परत येत नाही, हे आपण विद्यार्थ्यांनी ध्यानी धरावे.